माणसाची उत्क्रांती खरंच 'स्पेशल' आहे का?

शेपूटहीन:
उत्क्रांतीचा विषय निघाला की गाडी शेवटी "माणूस वेगळाच हो" वर येऊन थांबते, वैताग येतो. म्युटेशन (जीन्समधे होणारे बदल) आणि नैसर्गिक निवड, झुरळाला लागू तेच आपल्याला. चिंपांझींची न आपली वाट ६०-७० लाख वर्षांपूर्वी फुटली, त्यांचे क्रोमोसोम (गुणसूत्रं) ४८ आपले ४६, कारण मधे कधीतरी दोन जोडले जाऊन आपला दोन नंबरचा क्रोमोसोम झाला, सांधा अजून दिसतो. यात स्पेशल काय?

मेंदूवाला:
सांध्याचं सोडा. आपला मेंदू चिंपांझीच्या तिप्पट, वजनाच्या फक्त २ टक्के पण ऊर्जा खातो २० टक्के. असला खादाड अवयव पोसणारा दुसरा प्राणी दाखवाच.

शेपूटहीन:
घ्या. आफ्रिकेतला एलिफंटनोज मासा, त्याच्या शरीराच्या ऑक्सिजनपैकी सुमारे ६० टक्के एकटा मेंदू घेतो. आणि मेंदू मोठा झाला म्हणून आपण माणूस झालो हेही उलटंच. १९७४ला इथिओपियात जिचा सांगाडा सापडला ती ल्युसी, मानवकुळातली ३२ लाख वर्षं जुनी मादी, दोन पायांवर चालायची आणि डोकं जेमतेम चिंपांझीएवढं.

खडूस काकू:
मासा पिल्लांना काय शिकवतो ते सांग आधी. चिंपांझी वारुळात काडी घालून वाळवी काढतात हे संशोधक जेन गुडॉलनी १९६०ला पाहिलं, आज पण काडीच आहे. आपण आजीच्या काडीला आकडा लावतो, नात त्याला दोरी बांधते. बरं हे नुसतं डोक्यात राहत नाही, जीन्समधे उतरतं. जनावरं पाळली म्हणून गेल्या १० हजार वर्षांत काही लोकांत मोठेपणीही दूध पचवायचा गुण पसरला. स्वतःच्या उद्योगाने स्वतःची उत्क्रांती!

शेपूटहीन:
काकू, पानं कापणाऱ्या मुंग्या आपल्या कितीतरी आधीपासून बुरशीची शेती करतायत, आणि त्या बुरशीवर इतक्या विसंबल्या की आर्जिनिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवायची सोयच गमावून बसल्या. उद्योग तिथेही आहेच की.

खडूस काकू:
त्यांना कोट्यवधी वर्षं लागली रे, मी वेगाबद्दल बोलतेय.

निवांत:
मधेच बोलतो, सॉरी. ७० हजार वर्षांपूर्वी माणसांच्या इतर जातीही होत्या: निएंडरथल होते, डेनिसोव्हन होते, इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर ते बुटके होते. ते सगळे आज शेजारी राहत असते तर हा वाद असाच झाला असता? आपण युनिक आहोत की नुसते उरलेलो आहोत?

खडूस काकू:
मग आपणच का उरलो?

मेंदूवाला:
मासा मान्य. बाकी काही मान्य नाही.