प्रेमपत्रात जगन्नाथाचा रथ?? लॉइड जॉर्जची घरची पत्रं

शंकासुर:
मंडळी, डेव्हिड लॉइड जॉर्ज म्हणजे पहिल्या महायुद्धातला ब्रिटनचा पंतप्रधान एवढंच आपल्याला शाळेत कळलं, पण सध्या त्याची घरच्यांना लिहिलेली पत्रं वाचतोय आणि डोकं चक्रावलंय. लग्नाआधी मॅगीला, म्हणजे मार्गारेट ओवेनला, हा गडी साधारण असं लिहितो की वर चढणं हेच माझं एकमेव ध्येय, त्यासाठी सगळं वाहून टाकेन, प्रामाणिकपणा तेवढा सोडून (तोही ‘बहुतेक’!), आणि प्रेम वाटेत आडवं आलं तर तेसुद्धा माझ्या जगरनॉटच्या चाकाखाली ढकलायची तयारी आहे. अरे हे काय प्रेमपत्र आहे की जाहीरनामा? आणि असं वाचूनही तिने १८८८ मध्ये लग्न केलं! पुढची पत्रं वाचली तर बायको वेल्समध्ये, हा लंडनमध्ये, आणि तक्रारी संपत नाहीत. चूक कोणाची म्हणायची? की पत्रांवरून ठरवूच नये?

निवांत_वाचक:
जगरनॉट म्हणजे आपला पुरीचा जगन्नाथच बरं का, रथाखाली लोक चिरडतात अशा गोष्टी इंग्रजांनी पसरवल्या आणि शब्द तिकडे रुळला. वेल्सच्या खेड्यात वाढलेला वकील पोरगा तो प्रेमात वापरतो हे भारीच आहे :)
पण त्याने लपवलं काय? आधीच सांगून टाकलं. तिच्या घरचेही काही खूश नव्हते, ते वेल्समधल्या क्रिकिथजवळचे खाऊनपिऊन सुखी शेतकरी, मेथडिस्ट, आणि हा बाप्टिस्ट (दोन वेगळे ख्रिस्ती पंथ), मामाच्या घरी वाढलेला. तो मामा, रिचर्ड लॉइड, लानिस्टिमडुई या त्यांच्या गावात जोडे शिवायचा आणि चॅपलमध्ये प्रवचन करायचा, भाच्याला वकिलीची परीक्षा देता यावी म्हणून स्वतः आधी पुस्तकातून लॅटिन-फ्रेंच शिकला आणि मग त्याला शिकवलं. अशा माणसाला रोज रिपोर्ट पाठवावासा वाटणारच, भाषण कसं झालं, कोण काय म्हणालं, पत्रं त्याने भरलीयत.

खुर्चीवाला:
सगळे बायकोबद्दल बोलतायत, भावाचं कोणी नाव काढेना. १८९० च्या पोटनिवडणुकीत कार्नार्वनमधून हा फक्त १८ मतांनी निवडून आला, आणि तेव्हा खासदाराला पगार म्हणून एक पेनीसुद्धा मिळायची नाही. मग लंडनचं भाडं, पोरंबाळं, प्रवास कशावर? धाकटा भाऊ विल्यम गावाकडे दोघांच्या नावाची वकिली एकटा ओढत होता त्यावर! साहेब पार्लमेंट गाजवणार आणि भाऊ दस्तऐवज करत बसणार. भावाला लिहिलेली पत्रं हजारोंनी आहेत, वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीत ठेवलीयत, आणि त्यात राजकारणाइतकाच पैशाचा विषय येत राहतो. खासदारांना वर्षाला ४०० पौंड सुरू झाले ते १९११ मध्ये, तेही हाच अर्थमंत्री असताना. भावाची तोवर वीसेक वर्षं गेली होती. बाकी विल्यम मात्र शंभरी ओलांडून १९६७ मध्ये गेला, डेव्हिडनंतर बावीस वर्षांनी.

मीनाक्का:
शंकासुर, ‘तक्रारी’ म्हणताय त्या कोणाच्या ते बघा. १८९० च्या दशकातल्या एका पत्रात तो तिला सुनावतो की मी कितीदा नाश्ता न करता बाहेर पडलो, मध्यरात्री थंडगार अंधाऱ्या फ्लॅटवर आलो तर विचारायला कोणी नाही, आई म्हणून तू चांगली पण बायको म्हणून नेहमीच नाही. वाचून कीव येते, पण १८८९ ते १८९४ मध्ये तिला चार मुलं झालीत हो, नंतर १९०२ मध्ये मेगन! तिला क्रिकिथ हवं होतं, वेल्श बोलणारी माणसं, आपलं चॅपल, बाग. आणि तिकडे राहून ती मतदारसंघ सांभाळत होती हे कोण मोजणार? १९२१ च्या कार्डिगनशरच्या पोटनिवडणुकीत तर नवऱ्याच्या उमेदवारासाठी तिने पन्नासच्या वर सभा घेतल्या.
तिला ‘हेन गारियाद’ म्हणजे जुनी लाडकी असं लिहायचा, इंग्रजी पत्रात मधेच वेल्श. मला तरी वाटतं जिथे इंग्रजीत फार उघडं वाटेल तिथे तो वेल्शमध्ये शिरतो.

शंकासुर:
मीनाक्का, मान्य, मी त्याच्याच बाजूने वाचत होतो कारण बोलणारा तोच आहे. आणि मायर? मोठी लेक?

मीनाक्का:
१९०७ मध्ये गेली, अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर, १७ वर्षांची होती. त्यानंतर त्याला लंडनमधल्या वॉन्ड्सवर्थच्या त्या घरात राहवेना, चेल्सीला बिऱ्हाड हलवलं. त्या काळातली पत्रं सलग वाचू नका, एकेक वाचा.

निवांत_वाचक:
आणि फ्रान्सिस स्टीव्हन्सनचं विसरलात सगळे. १९११ मध्ये मेगनला शिकवायला आली, दोन वर्षांत त्याची सेक्रेटरी आणि बरंच काही. तिलाही पत्रं, बायकोलाही पत्रं, दोन्ही टपालं एकाच हाताची! मार्गारेट १९४१ मध्ये गेली, १९४३ मध्ये त्याने फ्रान्सिसशी लग्न केलं, मेगनला ते अजिबात पटलं नाही. तोवर ती स्वतः खासदार होती, १९२९ मध्ये अँगलसीतून, वेल्समधून निवडून आलेली पहिली बाई.

खुर्चीवाला:
१९४५ मध्ये लानिस्टिमडुईतच नदीकाठी पुरला त्याला. शंकासुर, आता भावाची पत्रं काढा, बायकोची झाली असतील तर.