अर्जेंटिनातल्या स्वस्त व्हाइट वाईन : शनिवारच्या आत मदत हवी आहे

सायली_बीए
नमस्कार मंडळी, घाई आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येते. शनिवारी घरी सहा जण येतायत, टेस्टिंग ठेवलंय, फक्त व्हाइट. तीन बाटल्या आणल्या, आधी आपण चाखून बघावं म्हणून काल उघडल्या तर तिन्ही फसल्या. एक इतकी गोड की काकवीच, दुसरीला अत्तराचा नाहीतर साबणाचा वास आणि घोट गिळल्यावर मागे कडवट, तिसरीला तर जीवच नाही, ना वास ना चव. जिथे वाचावं तिथे तोरोंतेस (इथली व्हाइटची द्राक्षाची जात) घ्या तोरोंतेस घ्या, आणि तिन्हींवर तोरोंतेसच लिहिलंय! मग चुकतंय कुठे? महागातली नकोय. लवकर सांगा प्लीज.

कोथरूडचा_बाळ
पुण्यात अर्जेंटिनाची वाईन स्वस्तात मिळणं अवघडच, ड्युटी लागून किंमत कुठच्या कुठे जाते. त्यापेक्षा नाशिकची चेनिन ब्लाँ घ्या, फ्रिजमध्ये गार करा, विषय संपला. आमच्याकडे गेली दहा वर्षं तीच असते.

सायली_बीए
अहो बीए म्हणजे ब्युनोस आयर्स, मी इथेच राहते. नाशिकची कुठून आणू?

अभंग_८२
थोडी माहिती द्या म्हणजे नीट सांगता येईल. लेबलवर वर्ष कोणतं? ‘तोरोंतेस’च्या आजूबाजूला अजून काय लिहिलंय? किती गार करून प्यायलात? बाटल्या कुठून घेतल्या? आणि बरोबर खायला काय आहे?

मनमौजी
ब्युनोस आयर्सच्या एझेइझा विमानतळावरून भारतात येताना दोन लिटर चालतात, म्हणजे साडेसातशेच्या दोन बाटल्या. चेक-इन बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.

सायली_बीए
@मनमौजी, मला आणायच्या नाहीयेत, इथेच प्यायच्या आहेत.
@अभंग, कोपऱ्यावरच्या चिनोमधून घेतल्या (इथे कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटला चिनोच म्हणतात). गोड आहे तिच्यावर खाली बारीक अक्षरात ‘कोसेचा तारदिया’ आहे. अत्तरवाली गेल्या वर्षीची. मेलेली आहे तिच्यावर २०१९, ती खिडकीपाशी ऑफरच्या टोपलीत होती. गार विचाराल तर केल्या नाहीत, टेबलावर होत्या तशाच उघडल्या, काल इथे तेहतीस डिग्री होतं. खायला बटाटेवडे, कांदाभजी, हिरवा ठेचा, आणि मेर्लुसा माशाचे तुकडे तळणार आहे.

अभंग_८२
सापडलं बघा. तिन्हींचं दुखणं वेगवेगळं आहे.

कोसेचा तारदिया म्हणजे उशिरा तोडलेली द्राक्षं. वेलीवरच साखर वाढू देतात, त्यामुळे वाईन गोडच होते. ‘दुल्से नातुराल’ लिहिलेलं असलं तरी तेच. ड्राय, म्हणजे गोड नसलेली, हवी तर हे शब्द असलेली बाटली परत मांडणीवर ठेवायची. आणलीच आहे तर फेकू नका, तिचं पुढे सांगतो.

२०१९ वाली म्हातारी झालीय. तोरोंतेस साठवायची वाईन नाहीच, तिची सगळी मजा वासात आणि तो वास दोन-तीन वर्षांत उडून जातो. त्यात खिडकीतलं ऊन. ग्लासात ओतून रंग बघा, पिवळाजर्द दिसेल, ताजी असती तर जेमतेम हिरवट झाक असलेली फिकी दिसली असती.

अत्तरवालीत मात्र काही खोट नाही. तोरोंतेस अशीच असते! गुलाब, मोगरा, संत्र्याची साल, सगळं नाकाला येतं आणि वाटतं आता गोड लागणार, घोट घेतला की एकदम कोरडी, म्हणजे ड्राय. पण तेहतीस डिग्रीला तो वास अंगावरच येणार. फ्रिजमध्ये तीन तास ठेवा, बाहेर काढल्यावर दहा मिनिटांनी ओता. ८ ते १० डिग्रीला प्या आणि मग सांगा.

सुगरण_मावशी
सायली, साबणाचा वास ग्लासातूनही येऊ शकतो गं. लिक्विडने धुतलेले ग्लास नुसत्या पाण्याने दोनदा विसळून घे आणि कोरडे करून उपडे ठेवू नकोस, कपाटाचा वास धरतात. माझ्या लेकीकडे हाच घोळ झाला होता, वाईन बदलून बदलून दमले आणि शेवटी ग्लास निघाले.

वेलदोडा
तोरोंतेसचं एवढं कशाला? मुळात ती स्पेनच्या गालिसियातून आलेली, तिकडची अल्बारिन्यो घ्या. नाहीतर अर्जेंटिनातल्याच मेंदोसा प्रांतातलं सेमिजोन घ्या, तीही व्हाइटच. पूर्वी मेंदोसात त्याचे मोठमोठे मळे होते, मधे लोकांनी उपटले आणि आता परत जुन्या वेलींची कदर व्हायला लागलीय. वासाचा धिंगाणा नाही, तोंडात भरून राहतं.

द्राक्षबागाईतदार_निफाड
@वेलदोडा, गालिसियातलं तोरोंतेस वेगळं, नाव तेवढं सारखं. अर्जेंटिनातलं चांगलं ते तोरोंतेस रियोहानो, त्याचे आईबाप डीएनएवरून कळलेत : मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया आणि क्रियोजा चिका. आपोआप झालेला संकर आहे, तिथल्याच मातीत जन्मलेला. अत्तराचा वास मस्कतकडून आलाय. रियोहानो म्हणजेसुद्धा अर्जेंटिनातला ला रियोहा प्रांत, स्पेनमधला नव्हे. सान्हुआनिनो आणि मेंदोसिनो अशा आणखी दोन जाती आहेत, पण वासाला रियोहानोची सर नाही.

मी टेबल ग्रेप करतो, वाईनचा अनुभव बेताचा, पण वेलीचं सांगू शकतो. साल्ता प्रांतात काफायाते म्हणून गाव आहे, कालचाकी खोऱ्यात, साधारण १,७०० मीटरवर. उन्हाचा मारा सणसणीत आणि रात्री थंडी, दिवस-रात्रीत पंधरा-वीस डिग्रीचा फरक पडतो. थंड रात्रीमुळे मण्यातलं आम्ल टिकतं, म्हणून एवढ्या उन्हातली वाईन असूनही तोंडात तजेला येतो. आणि तिकडे तोरोंतेस जुन्या पद्धतीने मांडवावर चढवतात, त्याला पार्राल म्हणतात. आपल्या मांडवासारखंच, पानांची सावली घडावर पडते आणि मणी भाजत नाहीत. त्यांचीही तोड फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणजे आमची कात्री चालू असते तेव्हाच त्यांचीही. ताई, लेबलवर काफायाते किंवा व्हायेस कालचाकियेस शोधा, स्वस्तातली असली तरी फरक कळेल.

वेलदोडा
बरं, जात वेगळी हे मान्य. पण कडवटपणाचं काय? सहा पाहुणे बोलावून कडू वाईन देणार का?

अभंग_८२
मागचा तो हलका कडवटपणा त्या जातीचा आहे, मोसंब्याच्या पांढऱ्या सालीसारखा. मीठ आणि तळण समोर आलं की दबतो. बटाटेवड्याबरोबर घेऊन बघा, नुसती पिऊन निकाल देऊ नका. आणि धागाकर्तीने टेस्टिंग म्हटलंय, सगळ्या एकसारख्याच ठेवायच्या तर टेस्टिंग कशाला?

मालबेकप्रेमी
अर्जेंटिनात राहून व्हाइट? मालबेकसारखी रेड सोडून?? शनिवारी आसादो करा, मस्त निखाऱ्यावर मांस भाजा आणि मालबेक उघडा, सगळे खूष.

सायली_बीए
@मालबेकप्रेमी, दोघं शाकाहारी आहेत आणि गर्मी मरणाची आहे.
बाकी सगळ्यांना खरंच थँक्यू. आता नावं सांगा ना, दुकानात जाऊन काय मागू? आणि ऑफिसमधला एक जण म्हणतो वाईनमध्ये बर्फ आणि सोडा घाल, चालतं का?

वेलदोडा
बर्फ अजिबात नको. पाणी होतं.

अभंग_८२
अर्जेंटिनात सोड्याच्या सायफनबरोबर वाईन पिणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, ते लोक चूक आणि आपण बरोबर असं कसं म्हणणार? जेवताना हवं त्याने घालावं. पण टेस्टिंगच्या पहिल्या घोटात नको, वाईन कळणार नाही.

नावं : स्वस्तात एचार्टची काफायाते तोरोंतेस, सहज मिळते. थोडे जास्त पेसो चालत असतील तर सुसाना बाल्बोची क्रियोस. बाई १९८१ साली पदवी घेऊन देशातल्या पहिल्या महिला ईनॉलॉजिस्ट (वाईन बनवण्याच्या तज्ज्ञ) झाल्या आणि त्यांचं काम सुरू झालं ते काफायातेतच, तोरोंतेसवर त्यांचा हात बसलेला आहे. किंमत मी लिहीत नाही, तिकडे महिन्यात बदलते. चिनोऐवजी एखाद्या व्हिनोतेकात, म्हणजे वाईनच्या दुकानात, जा आणि ‘सेको’ म्हणजे ड्राय, आणि नवीन कोसेचाची (हंगामाची) द्या म्हणून सांगा.

क्रम असा लावा : आधी मेंदोसातल्या तुपुनगातोकडची सोविन्यॉं ब्लाँ, मग वेलदोडांचं सेमिजोन, मग तोरोंतेस, शेवटी ती गोड कोसेचा तारदिया. तोरोंतेस आधी दिली तर पुढच्या सगळ्या मिळमिळीत लागतील. माणशी पन्नास मिली ओता, एका बाटलीत पंधरा जणांचं होतं, म्हणजे प्रत्येक वाईनची एकच बाटली घ्या. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून नंबर टाका. आणि गोडवाली ठेच्याबरोबर द्या, मिरचीची आग साखरेने निवते. कोरडी वाईन ठेच्यावर घेतली तर जीभ आणखी पेटते.

सुगरण_मावशी
ठेच्यात लसूण कमी घाल, नाहीतर तोंडाला दुसरं काही कळायचं नाही. वड्याच्या सारणात आलं किती घालतेस?

सायली_बीए
रविवार सकाळ. झालं! एवढी मदत केलीत म्हणून सविस्तर लिहितेय.

अत्तरवाली तीच बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली होती, तीन तास कशाला, तीन दिवस राहिली. शनिवारी नव्या एचार्टच्या शेजारी ठेवली तर दोघींचा वास बहिणींसारखा. ग्लास नाकाशी नेला आणि आईच्या ओंजळीतल्या मोगऱ्याचा वास आला, आणि घोट कोरडा खणखणीत. वड्याबरोबर कडवटपणा कुठे गेला कळलंच नाही. सेमिजोन दोघांना जास्त आवडलं, वेलदोडा तुमचं खरं आहे, शांत वाईन आहे. सोविन्यॉं कोणाच्या फारशी लक्षात राहिली नाही.

शेजारच्या आजी मूळच्या साल्ताच्या, त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. येताना त्या एम्पानादा (करंजीसारख्या, आत सारण भरलेल्या) घेऊन आल्या, साल्ताच्या एम्पानादात बटाट्याच्या बारीक फोडी असतात. नंबर तीनचा ग्लास हातात घेतला, चाखायच्या आधीच म्हणाल्या, ही आमच्याकडची. मग एका हातात एम्पानादा, दुसऱ्या हातात वडा, आणि बाटली रिकामी होईपर्यंत जागच्या उठल्या नाहीत.

@मावशी, सारणात इंचभर आलं.
@अभंग, ठेचा आणि गोड वाईन जमलं, पण दोनच जणांनी धाडस केलं.

द्राक्षबागाईतदार_निफाड
आजींना विचाराल का, त्यांच्याकडे मांडवाची उंची किती ठेवतात आणि खालून पाणी पाटाने देतात की ठिबक? यंदा एक एकर नवीन लावतोय.