मदत हवी आहे: दोघांनीच अटलांटिक पार करताना खरी भीती कशाची?

आम्ही नवरा-बायको डिसेंबरात यॉटने कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला निघतोय, साधारण २७०० सागरी मैल, तीनेक आठवडे. घरचे सारखं वादळ, शार्क, चाचे करतात, पण हरिकेनचा सीझन नोव्हेंबरअखेर संपतो त्यामुळे मला त्याचं एवढं टेन्शन नाही. माझी झोप उडालीये ती वेगळ्याच गोष्टीने, रात्री एकजण आत झोपलेला आणि दुसरा डेकवरून पाण्यात पडला तर ६ नॉटने बोट मिनिटभरात १८५ मीटर पुढे गेलेली असते, लाटांत डोकं दिसणार कसं? टेदर (आपल्याला बोटीशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा) लावतोच, पण परवा ओढून बघितला तर माणूस कठड्याबाहेर लोंबकळेल एवढा लांब आहे. कोणी असं दोघांनीच गेलंय का? जॅकलाइन (टेदर अडकवायला डेकवर पुढून मागे ताणून बांधलेली दोरी) डेकच्या मधोमध बांधता की कडेने, आणि पहाऱ्याच्या पाळ्या किती तासांच्या ठेवता? प्लीज सांगा.