मदत हवी आहे: पिटलॉख्री – बेन व्राकी – किलीक्रँकी, एका दिवसाचा ट्रेक

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या मध्यात आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे एडिनबरोला येताहेत. बाबा चौसष्ट वर्षांचे, दर रविवारी सिंहगड चढणारे. त्यांना स्कॉटलंडचा एक तरी डोंगर पायी दाखवायचाच आहे.

मनात असं आहे: ट्रेनने पिटलॉख्री, तिथून मूलिन गावातून बेन व्राकी (८४१ मीटर), मग किलीक्रँकीला उतरायचं आणि गॅरी नदीच्या काठाने झाडीतून परत पिटलॉख्री. साधारण १७-१८ किलोमीटर होतील. वरून उघडा माळ, खाली दरीतलं दाट रान, आणि वाटेत सोल्जर्स लीप. किलीक्रँकीच्या १६८९ च्या लढाईत जीव वाचवायला एका सैनिकाने जिथून नदीपलीकडे उडी मारली असं सांगतात, ती जागा. बाबांना इतिहासाचं भारी वेड, त्यामुळे हा टप्पा चुकवायचा नाही.

बेन व्राकीच्या माथ्याखाली वाटेत एक तळं लागतं; तिथून माथ्यापर्यंतची दगडी पायऱ्यांची चढण ते सहज करतील. काळजी उतरणीची आहे, कारण त्यांचा उजवा गुडघा उतरताना कुरकुरतो. माथ्यावरून तळ्याशी परत आल्यावर किलीक्रँकीकडे जाणारी वाट पावसानंतर किती चिखलाची असते? साधे ट्रेकिंगचे बूट चालतील का? की उलट्या दिशेने, आधी नदीकाठ आणि मग डोंगर, केलेलं बरं?

आई डोंगर चढणार नाही. तिला किलीक्रँकीला थेट बसने येऊन आम्हाला भेटता येईल का? कोणी अलीकडे गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.