अनुभव धागा: ट्रकच्या एक्सलवर जाम बसलेले भाग सोडवताना

वणी-घुग्घुसकडचे कोळशाचे टिपर, हिंगणघाट-यवतमाळकडच्या कापसाच्या गाड्या, वैनगंगेच्या काठचे रेतीचे डंपर. माल वेगळा, पण एक्सलखाली शिरलं की दुखणं एकच. ओली कोळशाची धूळ लोखंड खाते. काळी माती पावसाळ्यात फटीत जाते आणि उन्हाळ्यात तिथेच सुकते, मग ग्रीस आत जायला वाट उरत नाही. ग्रीस नाही तिथे गंज येतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून पिन आणि भोक एकमेकांना धरून बसतात.

हा धागा किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन), हब, ड्रम, शाफ्ट, कमानी (पाट्यांच्या स्प्रिंगा) यांवर हात काळे करणाऱ्यांसाठी. लिहिताना एवढं सांगा: भाग कोणता, त्याला काय धरून होतं, जोर कुठून द्यायचा आणि त्यात काय बिघडतं. गाडी कुठे बंद पडली, मालक काय बोलला, ते राहू द्या.

सुरुवात मीच करतो. मागच्या एक्सलवर हात घालण्याआधी ब्रेक चेंबर (हवेच्या ब्रेकचा डबा) ओळखा. दुहेरी चेंबरच्या मागच्या डब्यात दाबलेली जाड स्प्रिंग असते. टाकीत हवा नसेल तर तीच ब्रेक लावून ठेवते. तिला केजिंग बोल्टने आत बांधल्याशिवाय ड्रम किंवा स्लॅक (चेंबर आणि ब्रेकचा कॅम जोडणारा दांडा) सोडवू नका. त्या डब्याची रिंग तर कधीच कापू नका, जीव जातो. चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा. जॅक उचलण्यापुरता असतो, भार घोडीवर (स्टँडवर) द्यायचा.

चंद्रपूर, फ्रंट एक्सलचं काम

किंगपिन निघत नाही म्हणून घन घालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी लॉक पिन काढलेलीच नसते. एक्सल बीमच्या डोळ्यात (किंगपिन जाते त्या भोकाच्या टोकात) आडवी, निमुळती लॉक पिन असते आणि तिच्या एका टोकाला नट असतो. काही एक्सलांत अशा दोन पिना असतात, त्याही विरुद्ध बाजूंनी घातलेल्या. चिखल खरवडून आधी त्या मोजा. नट पूर्ण काढू नका, टोकाशी सपाट होईपर्यंत सैल करा आणि त्यावर ठोका, म्हणजे आटे चेपत नाहीत.

मग वरचं-खालचं झाकण काढा. झाकण तसंच ठेवून गरम केलं तर आत कोंडलेलं ग्रीस पेटतं आणि झाकण गोळीसारखं सुटतं.

पुढची चूक ठोका देण्यातली. गाडी कमानीवर उभी असताना खालून घन मारला की बीमच उसळतो आणि मार कमानी पितात. बीमच्या डोळ्याला लागून टणक आधार द्या, मग घनाचा मार पिनीत उतरतो. त्याहून बरं म्हणजे सी-आकाराचा जिग आणि हायड्रॉलिक जॅक. दाब द्या, पंप थांबवा आणि दाब असतानाच डोळ्याच्या बगलेवर घनाचा एक ठोका द्या. नुसत्या दाबाने जे सुटत नाही ते या झटक्याने सुटतं. पिनीच्या रेषेत मात्र कोणी उभं राहू नका.

पिनीचं टोक घनाने फुललं की ती भोकातून जाणारच नाही. ग्राइंडरने ते उतरवून पुन्हा सुरू करा. किंगपिनच निमुळती, नटवाली असेल तर ती नटच्या बाजूला खेचून बसवलेली असते, म्हणून नटच्या उलट दिशेलाच निघते.

वरोरा, गॅस वेल्डिंग

वरच्या प्रतिसादात उष्णतेचं राहिलं. पिन जाम असेल तर डोळा जरा तापवायला हरकत नाही असं माझं मत आहे. पाण्याचा थेंब नाचून उडेल इतपतच, तेही सगळीकडून सारखं. लाल करायचा नाही.

चंद्रपूर, फ्रंट एक्सलचं काम

"जरा" म्हणून सुरू होतं आणि लाल होऊन संपतं, म्हणून मी गॅसचा टॉर्च टपरीबाहेरच ठेवतो. बीम फोर्जिंगचा, पाणी दिलेला (तापवून टणक केलेला) असतो. पाणी उतरलं की दिसत काहीच नाही, पण गाडीचं स्टीअरिंग त्याच्यावर आहे. जिगने हटलं नाही तर बीम उतरवून चंद्रपूर किंवा नागपूरच्या मोठ्या प्रेसवर न्यावा. गरम करायचीच असेल तर पिन करा, ती भंगारातच जाणार. ती तापून फुगते तेव्हा भोक तिला फैलू देत नाही, आणि थंड होताना ती आधीपेक्षा किंचित बारीक होते. म्हणून ठोका थंड झाल्यावर द्यायचा. पिनीला आरपार भोक पाडून गॅस आतून फिरवला तर आणखी लवकर सुटते.

पांढरकवडा, हायवेवरचं काम

मागचा एक्सल शाफ्ट. फ्लँजचे (शाफ्टच्या टोकाच्या तबकडीचे) सगळे नट काढले तरी तो बसूनच राहतो, कारण स्टडभोवती चिरलेले निमुळते कोन असतात. नट दोन-तीन आट्यांवर राहू द्या आणि फ्लँजच्या मधोमध पितळी हातोड्याने जोरदार ठोका. कोन उडतात, नट त्यांना अडवतात. कडेवर मारलं तर फ्लँज वाकते आणि मग तेल गळत राहतं. फ्लँजला आट्यांची दोन रिकामी भोकं असतील तर ती जॅक बोल्टसाठीच आहेत. दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळा. छिन्नी फटीत घालू नका.

शाफ्ट निघाल्यावर गाडी गेअरमध्ये थांबत नाही, हे गाडीच्या क्लीनरला आधी सांगून ठेवा.

शाफ्ट तुटला असेल तर आतला तुकडा डिफमध्ये (डिफरन्शियल, मागच्या एक्सलमधला गिअरचा डबा) राहतो. तारेचा फास करून ओढून पाहा. समोरचा शाफ्ट काढून लांब सळईने ढकलताही येतो, पण डिफच्या क्रॉसच्या मधोमध भोक असेल तरच. दोन्ही तुकडे बाहेर आले की तोंडाला तोंड लावून जुळवा. एखादी कपची कमी भरली तर डिफ उघडावाच लागेल. ती कपची क्राऊन गिअरच्या दातात गेली तर खर्च कितीतरी पट वाढतो.

हिंगणघाट

ड्रम हबवरून हलतो पण बाहेर येत नाही, म्हणजे आतल्या कडेला झिजेची वाटी झाली आहे आणि लायनर तिला अडकलेत. स्लॅक मागे फिरवा, कॅम खरंच सैल होतोय का तेही बघा. ऑटो स्लॅक उलट फिरवायला जास्त जोर लागतो आणि कटकट आवाज येतो. काहींत आधी आतली खिटी बाहेर काढावी लागते, नाही तर दात जातात.

वणी, टिपरचं काम

ब्रेकचा कॅमशाफ्ट जाम होण्याचं कारण बहुतेक वेळा बंद पडलेला ग्रीस निपल असतो. कोळशाच्या गाडीत आतल्या बाजूचा बुश आधी जातो. आधी स्लॅक काढा. तो स्प्लाइनवर (शाफ्टच्या टोकाच्या खाचांवर) गंजलेला असतो. सर्कलिप आणि वॉशर काढून दोन पायांचा पुलर लावा, पुलर ताणलेला असताना स्लॅकच्या बॉसवर ठोका. शाफ्टच्या टोकावर मारून स्प्लाइन फुलवली तर तोच शाफ्ट बुशातून बाहेर येत नाही आणि कापावा लागतो. सुटल्यावर शाफ्ट पॉलिश करून बसवण्याआधी बुशाच्या जागी बोट फिरवा. खाच लागली तर नवा बुश टिकणार नाही.

उमरेड, लेथ आणि वेल्डिंग

बेअरिंगची आतली रेस (कडी) स्पिंडलवर (हब फिरतो त्या एक्सलच्या टोकावर) चिकटली तर ग्राइंडरने तिच्यावर लांबीच्या दिशेने चीर घ्या, पण थोडी जाडी शिल्लक ठेवा. चिरेत छिन्नी धरून एक ठोका दिला की रेस फुटते, कारण ती टणक असते. गॉगल लावाच, तुकडे उडतात. चीर आरपार गेली तर स्पिंडलला खाच पडते आणि पुढची रेस तिथेच फिरू लागते.

हबमधली बाहेरची रेस याहून सोपी. आतून गोल वेल्डिंगची एक पट्टी ओढा आणि थंड होऊ द्या. वेल्डिंग आखडतं आणि रेस सैल पडते, कधी हाताने उचलता येते. स्पिंडलवर बसवायची नवी आतली रेस गरम तेलात ११०-१२० अंशांपर्यंतच तापवा, त्यापुढे तिचं पाणी उतरतं.

तुटलेल्या स्टडवर नट ठेवून आतून वेल्ड करा आणि लाली गेल्यावर, कोमट असतानाच फिरवा. पहिल्यांदा किंचित आवळायच्या दिशेने, मग उलट. जुन्या गाड्यांत डाव्या चाकाचे आटे उलटे असू शकतात, टोकावर "एल" खोदलाय का ते पाहा. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाशेजारीच लावा. लांब चॅसीला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर डाग पडतात. बॅटरीच्या तारा आधी काढा, आताच्या बीएस-६ गाड्यांत तर नक्कीच.

आर्णी, कमानीचं काम

भाऊ, यू-बोल्टले वाचवाच्या नादी लागू नका. जुना यू-बोल्ट ताणलेला असते, तो पुन्हा लावाचा नसते. नट गॅसनं कापा, पण ज्योत पाट्याले लागू देऊ नका. जिथं लागली तिथूनच पाटा तुटते. कापाच्या आंधी एक्सलले वेगळा आधार अन् चॅसीले वेगळा, नाही तं एक्सल फिरते अन् सरकते.

शॅकल पिनीले (कमानीचं टोक धरते ती पिन) आडवा कॉटर बोल्ट असते, तो पह्यले काढा. माती पाण्यानं धुवून घ्या, निपल काढून त्या भोकातून तेल सोडा अन् रातभर राहू द्या. पिन फिरली तं निघते. म्हणून आंधी फिरवून पाहा, मंग ठोका. नवे यू-बोल्ट तिरपे-तिरपे आवळा, अन् पह्यली भरती झाल्यावर पुन्हा पाना लावा.

धागा सुरू करणारा

तेल कोणतं, हे दोघांनी विचारलं. डिझेल धुवायला ठीक आहे, फटीत मात्र हळू जातं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं चांगलं चालतं, पण दोन्ही वेगळे होतात म्हणून दरवेळी हलवून घ्या. अ‍ॅसिटोन लवकर पेटतं, तेव्हा हे टाकलं असेल तर त्या दिवशी तिथे टॉर्च नाही. बोल्ट तापवलेला असेल तर त्याला मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर ज्योत धरू नका, काही क्लीनरमधून विषारी वायू निघतो.

टाय रॉडचा टेपर राहिलाच. नट दोन आट्यांवर ठेवून डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोन हातोडे. खालून मारलं तर फक्त आटे जातात. हबच्या नटाबद्दल कोणी लिहा, लॉक वॉशरचा कान न उघडता फिरवलेले पुष्कळ दिसतात.