एव्हरेस्ट बेस कॅम्पला जातोय, ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्यावा का?

भटक्या_ठाणेकर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आम्ही पाच जण एव्हरेस्ट बेस कॅम्पला चाललोय, लुक्लापासून चालत, जाऊन-येऊन बारा दिवस. सगळे पंचेचाळिशीच्या आसपासचे, पावसाळ्यात कुठे ना कुठे सह्याद्रीत असतोच, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडही झालाय, पण पाच हजार मीटर कुणीच बघितलेलं नाहीये. गाडी अडलीय इन्शुरन्सवर. बायको म्हणते घेतल्याशिवाय जायचं नाही, आणि आमच्यातला एक मित्र (त्याला आपण बाळ्या म्हणू) म्हणतो की सगळा पैसे उकळायचा धंदा आहे, त्यापेक्षा तेवढ्या पैशात चांगले बूट घे.

ओळखीच्या एजंटने साडेनऊशे रुपयांत आशियाची पॉलिसी पाठवलीय, ५०,००० डॉलरचं कव्हर. टूरवाला म्हणतो पॅकेजमध्ये इन्शुरन्स इन्क्लुडेड आहे. घरचा मेडिक्लेम आहेच दहा लाखांचा, आणि क्रेडिट कार्डावर पण काहीतरी फुकटचा असतो म्हणे. मग परत वेगळा कशाला? आणि हो, मला बीपीची एक गोळी चालू आहे तीन वर्षं, एकदम कंट्रोलमध्ये आहे, ते लिहायचं का गप्प बसायचं?

कोकणकडा

मी २०१६ ला गेलो होतो, इन्शुरन्स नाही काही नाही, मस्त जाऊन आलो. आमच्या ग्रुपमध्ये अकरा जण होते, कुणाला साधी सर्दीपण झाली नाही. हळू चाला, लसूण सूप प्या, पाणी भरपूर प्या. तुमच्या बाळ्याचं बरोबर आहे, बूट घ्या.

प्रीमियमवाली

कोकणकडा, तुम्ही सीटबेल्ट न लावता पुण्याहून मुंबईला पोचलात म्हणून सीटबेल्ट फालतू ठरत नाही हो :)

भटक्यादादा, मी बारा वर्षं क्लेम डिपार्टमेंटला काढली आहेत, आता घरी असते, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते. घ्यायचा की नाही हा प्रश्न तुम्ही उगाच आधी घेतलात. आधी जे चार कागद तुम्ही "आहेत" म्हणून मोजताय ते खरंच आहेत का ते बघा.

मेडिक्लेम: आपल्याकडचे बहुतेक मेडिक्लेम भारताच्या हद्दीत चालतात. नेपाळला व्हिसा लागत नाही म्हणून आपल्याला ते परदेश वाटतच नाही, पण विम्याच्या लेखी तो परदेशच. क्रेडिट कार्डवाला: त्यात मुख्यतः विमान अपघात, हरवलेली बॅग असलं असतं, डोंगरावरून खाली आणणं त्यात धरू नका.

टूरवाल्याचं "इन्शुरन्स इन्क्लुडेड": त्याचं ब्रोशर उघडा आणि ते वाक्य पूर्ण वाचा. दहापैकी आठ ठिकाणी मला तिथे "गाईड आणि पोर्टरचा इन्शुरन्स इन्क्लुडेड" असं दिसलंय. तो त्यांच्या माणसांचा असतो आणि तो असायलाच पाहिजे, पण त्यात तुम्ही नाही.

आता एजंटची साडेनऊशेची पॉलिसी. त्यात आजारपणाला ५०,००० डॉलर असतीलही, पण एक्सक्लूजनची (म्हणजे काय काय धरलेलं नाही त्याची) पानं उघडा, पीडीएफमध्ये शेवटी शेवटी असतात, आणि दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे उंची. काही पॉलिसींत ट्रेकिंग चालतं पण अमुक मीटरपर्यंतच. समजा त्यात ५,००० मीटर लिहिलंय. लोबुचे आहे ४,९४० ला, गोरक्षेप साधारण ५,१६० ला, बेस कॅम्प ५,३६४ ला. म्हणजे पॉलिसी लोबुचेपर्यंत तुमच्यासोबत येते आणि नेमकं जिथून पुढे तुम्हाला ती लागायची शक्यता जास्त, तिथून घरी परत जाते. ५,५०० लिहिलं असेल तर बेस कॅम्प आत, पण दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे काला पत्थरला जातात ते साडेपाच हजाराच्या वर, ते बाहेर. म्हणून ६,००० हा आकडा लिहिलेला बघा.

दुसरी गोष्ट, "जिथे साधारणपणे दोर किंवा गाईड लागतो असं गिर्यारोहण" वगळलेलं असतं. आता दोर तुम्ही वापरणार नाही हे खरं, पण गाईड तर तुम्ही घेतलाच आहे ना? हे एक "किंवा" किती भांडणं लावतं ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघितलंय. एजंटला फोनवर विचारू नका, "हो हो सर होऊन जाईल" म्हणेल. कंपनीला ईमेल टाका, त्यात रूटमधल्या गावांची नावं, सगळ्यात जास्त उंची, आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरलाय का हे विचारा. उत्तर लेखी येऊ दे. नाही आलं तर दुसरी कंपनी.

बीपी लिहाच. वर हॉस्पिटलात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो "कुठली औषधं चालू आहेत", तुम्ही खरं सांगणार, ते केसपेपरवर जाणार, आणि तोच केसपेपर क्लेमला लागतो. मग बसा.

भटक्या_ठाणेकर

ताई, ब्रोशर उघडलं. "गाईड व पोर्टर यांचा विमा समाविष्ट." तसंच्या तसं. डोक्याला हात लावला.

गोदाकाठचा

मी सहसा लिहीत नाही इथे, पण हे वाचून राहवलं नाही. आम्ही ऑक्टोबर २०२२ ला गेलो होतो चौघं, नाशिकचे. माझा मित्र ४९ चा, आमच्यात सगळ्यात फिट, सायकलवर कसारा चढणारा माणूस. दिंगबोचेला खोकला लागला, म्हणाला थंडीचा आहे. लोबुचेला रात्री अकराच्या सुमारास मला जाग आली तर हा अंथरुणात बसलेला, भिंतीला टेकून, आडवं पडलं की श्वास पुरत नाही म्हणाला. बोलताना दोन शब्दांमध्ये थांबत होता. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ५८. माझा ८१ होता. मी त्याच्या पाठीला कान लावला तर गरम तव्यावर पाणी शिंपडल्यावर चुरचुर होतं ना, तसा आवाज, प्रत्येक श्वासाला. तो आवाज अजून कानात आहे.

गाईडला उठवलं, त्याने बघितलं आणि एकच वाक्य बोलला, "दाइ, सकाळची वाट नाही बघायची." हेलिकॉप्टर रात्री उडत नाही हे मला तिथे कळलं. दीड वाजता निघालो, डोक्याला टॉर्च, त्याला दोन बाजूंनी धरून, लॉजमधून मिळालेला एक ऑक्सिजन सिलिंडर, थुकलाचा तो दगडांचा उतार अंधारात. फेरिचेला पोचायला साडेचार तास लागले. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक आहे, सीझनमध्ये डॉक्टर असतात, त्यांनी ऑक्सिजन लावला, औषध दिलं, तासाभरात माणूस जरा माणसात आला. डॉक्टर म्हणाल्या फुप्फुसात पाणी झालंय, काठमांडूला हलवा.

आता खरी मजा पुढे आहे. इन्शुरन्स आमच्याकडे होता, चांगला होता, उंची वगैरे सगळं बरोबर. पण पॉलिसी होती माझ्या जीमेलमध्ये आणि जीमेल उघडायला नेट नाही. क्लिनिकवाल्यांनी त्यांचं नेट दिलं. हेल्पलाइनला फोन लावला, ते म्हणाले केस रजिस्टर करतो, पेमेंटची गॅरंटी द्यायला डॉक्टरांचं पत्र पाठवा, दोन-तीन तास लागतील. हेलिकॉप्टरवाला म्हणतो ढग यायच्या आत उडायचंय, गॅरंटी नाहीतर कार्ड. ४,८०० डॉलर. माझ्या कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार बंद करून ठेवलेले, ते चालू करायला ओटीपी, ओटीपी येतो भारतातल्या सिमवर, त्यावर रोमिंग नाही! शेवटी तिसऱ्या मित्राच्या कार्डावर अर्धे आणि नाशिकहून त्याच्या मेव्हण्याने बाकीचे भरले, तेव्हा सव्वासातला हेलिकॉप्टर उडालं.

पैसे परत मिळाले का? मिळाले, पण पाच महिन्यांनी, शंभर डॉलर डिडक्टिबल (म्हणजे आपण स्वतः सोसायची रक्कम) कापून. आणि मिळाले ते दोन कारणांनी: हलवायच्या आधी हेल्पलाइनला फोन करून केस नंबर घेतलेला होता, आणि डॉक्टरांनी हाताने लिहिलेलं पत्र होतं की या पेशंटला चालत खाली नेणं शक्य नाही. ते पत्र माझ्या बायकोने लॅमिनेट करून ठेवलंय.

मित्र ठणठणीत आहे. परत जायचं म्हणतो येडा.

कोकणकडा

गोदाकाठचा भाऊ, वाचून काटा आला. माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो, बुटांचं सोडून.

काठमांडू_रिटर्न

दुसरी बाजूपण सांगतो. गोदाकाठचा यांची केस शंभर टक्के खरी, पण तिकडे उलटंपण चालतं. तुमच्याकडे इन्शुरन्स आहे हे कळलं की जरा डोकं दुखलं तरी "हेलिकॉप्टर बोलावू का, इन्शुरन्स देईल" सुरू होतं. आमच्यातल्या एकाला नामचेत नुसतं पोट बिघडलं होतं तर एक अनोळखी माणूस लॉजमध्ये येऊन हेच सांगून गेला. २०१८ मध्ये नेपाळ सरकारने या खोट्या रेस्क्यूंची चौकशी केली होती, एकाच हेलिकॉप्टरमध्ये चार जण बसवून चौघांच्या विमा कंपन्यांना वेगवेगळी पूर्ण बिलं लावायची असले प्रकार होते. त्यामुळे विमा कंपन्या आता नेपाळ म्हटलं की कागद भिंगातून बघतात. म्हणून हेलिकॉप्टर कोण बोलावणार हे निघतानाच ठरवा. गाईड नाही, लॉजवाला नाही, तुमच्यातला एक माणूस, त्यानेच हेल्पलाइनला फोन करायचा.

अजून एक, लुक्लाची विमानं हवामानाने रद्द होतात, सीझनमध्ये तर काठमांडूहून रात्री चार-पाच तास गाडीने रामेछापला नेतात आणि तिथून उडवतात. विमान रद्द म्हणून तुम्ही हेलिकॉप्टर शेअर केलंत तर तो रेस्क्यू नाही, तो तुमचा हौसेचा खर्च. शेवटी दोन दिवस मोकळे ठेवा, ते कुठल्याही पॉलिसीपेक्षा स्वस्त पडतात.

डॉ_घाटमाथा

इन्शुरन्सवर माझं फार मत नाही, घ्या, स्वस्त आहे. पण एक काळजी वाटते. आपल्या ट्रेकर लोकांना सवय आहे की अडकलो तर लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र किंवा कुठली तरी टीम रात्रीबेरात्री दोर घेऊन येते, पैसे घेत नाही, आपण दुसऱ्या दिवशी पेढे देतो. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या त्या भागात, तसं नाही. आणि खिशात पॉलिसी आहे म्हणून माणसं लक्षणं दाबून वर जातात, "होईल काही तर हेलिकॉप्टर आहेच". ढग आले तर हेलिकॉप्टर नाहीच. पॉलिसीने रक्तातलं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन वाढत नाही.

डोकं दुखतंय आणि जेवण जात नाही तर तिथेच थांबा, वर चढू नका. थांबूनही वाढलं तर खाली उतरा. सरळ रेषेत चालता येत नाही किंवा बसल्या जागी धाप लागते तर रात्र असो, बर्फ असो, खाली. नामचे आणि दिंगबोचेला उंचीची सवय व्हायला एकेक जादा दिवस आहे ना प्लॅनमध्ये? तो कापू नका. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी आणि बीपीची गोळी दोन्ही सांगून. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात आणि डायमॉक्सपण तशीच, त्यामुळे भटक्या, तुम्ही जाण्याआधी दाखवूनच या. लसूण सूप प्या, चव चांगली असते, बाकी काही नाही.

सातारी_कंदी

याक आले की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही. आमच्या एका काकांना झुलत्या पुलाच्या तोंडाशी खेचराने असं ढोसललं की मनगट मोडलं. हेलिकॉप्टर नाही काही नाही, पण काठमांडूत प्लास्टर, एक्स-रे, दोन जादा रात्री, तिकीट बदललं, ते सगळं इन्शुरन्समधून निघालं. लोक उंचीचंच धरून बसतात.

प्रीमियमवाली

+१ कंदी. आणि क्लेम नाकारला तर लगेच हातपाय गाळू नका रे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबईला आहे, पुण्याला आहे, फी नाही, वकील लागत नाही. पण लोकपालसुद्धा पॉलिसीत लिहिलेलंच वाचतो, एजंट फोनवर काय बोलला ते नाही.

भटक्या_ठाणेकर

मंडळी, अपडेट देतो. चार कंपन्यांना ईमेल टाकले. एकीने उत्तरच दिलं नाही, दोघींनी ४,५०० मीटरपर्यंतच म्हणून कळवलं (एजंटची साडेनऊशेवाली त्यातलीच), चौथीने ६,००० मीटरपर्यंत ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर दोन्ही लेखी दिलं, माणशी २,७०० च्या आसपास. बीपी लिहिलं, माझा हप्ता थोडा वाढला, वाढू दे.

गोदाकाठचा दादा, तुमच्यामुळे पॉलिसीच्या पाच प्रिंट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, हेल्पलाइनचा नंबर पाचही जणांच्या प्रिंटवर मार्करने, आणि दोघांच्या कार्डांवर इंटरनॅशनल चालू करून रोमिंगचा पॅक टाकणार आहोत. फोन करणारा माणूस मी. लुक्लासाठी एक दिवस मोकळा होता, टूरवाल्याशी भांडून दोन केले.

बाळ्या अजून नाहीच म्हणतोय, त्याने बूट घेतले अकरा हजाराचे. पण काल रात्री साडेबाराला त्याचा मेसेज आला, "नॉमिनीच्या रकान्यात बायकोचं लग्नाआधीचं नाव चालतं का रे?"

प्रीमियमवाली

आधार-पासपोर्टवर जे आहे तेच टाकायला सांगा. आणि निघायच्या आधी भरा म्हणावं, काठमांडूत पोचल्यावर मिळत नाही.