घरमालकाचा टॅक्स थकला, वॉरंट माझ्या शटरवर. मशीन उचलून नेतील का?

शिलाईवाली_सक्करदरा

नमस्कार मंडळी. नागपुरात सक्करदऱ्यात बुधवार बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. जागा किरायाची. खाली दोन गाळे, एक माझा आणि एक झेरॉक्सवाल्याचा. वर एक बिऱ्हाड आहे. घरमालक काका पोराकडे पुण्याला राहायला गेलेत, किराया मी दर महिन्याला त्यांच्या खात्यात टाकते.

काल सकाळी दुकान उघडायला गेले तर शटरवर कागद. आधी वाटलं कोण्या क्लासवाल्यानं जाहिरात लावली. वाचलं तर महापालिकेचं मालमत्ता कराचं वॉरंट! नाव काकांचं, खाली घराचा इंडेक्स नंबर (टॅक्स खात्यातला घराचा नंबर), एका रकान्यात मूळ कर, दुसऱ्यात शास्ती म्हणजे दंड, आणि शास्ती मूळ करापेक्षा जास्त. सगळं मिळून सव्वादोन लाख. खळ एवढी थापली होती की 'फॉल-पिको करून मिळेल' मधला 'पिको' पार गायब. गिऱ्हाइकं येऊन आधी तेच वाचून राहिली.

दुपारी वसुली पथकातले दोघं आले. बोलायला चांगले होते, पण म्हणाले, "मॅडम, मार्च आहे. मालकाला सांगा, नाहीतर जप्ती होईल." काकांना फोन केला तर म्हणतात, "काही होत नाही बेटा, दरवर्षी लावतात." झेरॉक्सवाला म्हणतो समोर दिसेल ते उचलतात. माझ्याकडे दोन साध्या मशीन आणि एक इंटरलॉक आहे, इंटरलॉकचे हप्ते चालू आहेत. लग्नसराईचे ब्लाउज मांडणीवर ढीगभर पडले आहेत, ते तर लोकांचे!

मालकाच्या टॅक्ससाठी माझं सामान नेता येतं का? आणि समजा घराचाच लिलाव झाला, तर मला काढतील का? कोणाला माहीत असेल तर सांगा, झोप नाही लागून राहिली.

ऑरेंज_बॉय

ताई, सोपं आहे. आज रात्री ऑटो बोलवा, तिन्ही मशीन माहेरी. पथक आलं की रिकामं दुकान दाखवा 😄

निवृत्त_करनिरीक्षक

वरचा सल्ला ऐकू नका. माल तुमचा आहे तर लपवता कशाला? रातोरात हलवला की तो मालकाचाच असावा असा संशय यायला जागा होते.

मी कर विभागात नोकरी केली, नागपुरात नाही, विदर्भातल्याच दुसऱ्या महापालिकेत. नागपूरला पूर्वी १९४८ चा स्वतःचा कायदा होता. आता तिथेही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे, त्यामुळे गाडी त्याच रुळावरून जाते. आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग वॉरंट, मग जंगम म्हणजे हलवता येणाऱ्या मालाची जप्ती किंवा घराचीच जप्ती आणि लिलाव. कर वेळेत भरला नाही की दरमहा २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४. चार-सव्वाचार वर्षांत शास्ती मुद्दलाला गाठते. पण अलीकडच्या वर्षांच्या करावर ती कमी चढलेली असते, म्हणून एकूण शास्ती मूळ करापेक्षा जास्त दिसते तर काकांची नऊ-दहा वर्षांची थकबाकी असावी, हा माझा अंदाज.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. वॉरंटवर थकबाकीदार म्हणून नाव काकांचं आहे. जंगम जप्ती होते ती थकबाकीदाराच्या मालाची. तुम्ही भोगवटादार, म्हणजे नुसती जागा वापरणाऱ्या. तुमच्याकडून वसूल करायचं तर कलम १४० आहे, पण त्यासाठी आधी तुमच्या नावानं वेगळं बिल बजावावं लागतं. असं बिल आलं का तुम्हाला? नसेल तर आजच्या घडीला थकबाकीदार तुम्ही नाही.

आणि बिल आलंच, तरी सव्वादोन लाख तुमच्या माथी मारता येत नाहीत. एका वर्षापेक्षा जुनी थकबाकी भोगवटादाराकडून घेता येत नाही. तुम्ही त्या जागेत नव्हता त्या काळाची तर नाहीच. शिवाय रक्कम सगळ्या भाडेकरूंत ज्याच्या-त्याच्या भाड्याच्या प्रमाणात वाटायची. समजा वर्षाचा कर १२,००० आहे, तुमचं भाडं ७,०००, झेरॉक्सवाल्याचं ५,००० आणि वरच्यांचं ४,०००. एकूण १६,०००. तुमचा वाटा सोळातले सात, म्हणजे ५,२५०. हा आकडा डोक्यात ठेवा आणि आज झोपा.

शिलाईवाली_सक्करदरा

निरीक्षक काका, तुम्हाला काय सांगू, हे वाचून चहा घशाखाली उतरला. माझ्या नावानं बिल नाही आलेलं, नक्की. किरायाही जवळपास तुम्ही लिहिला तसाच आहे, कसं काय ओळखलं? पण उद्या पथक टेम्पो घेऊन दारात उभंच राहिलं तर? तिथे मी कलम सांगत बसू का?

निवृत्त_करनिरीक्षक

कलम सांगू नका, कागद दाखवा. भाडेकरार, खात्यातून भाडं गेल्याचं बँकेचं स्टेटमेंट, मशीनची बिलं, हप्त्याचं कार्ड. एक फाइल करून गल्ल्याखाली ठेवा. मी इतकी वर्षं पथकाबरोबर फिरलो, ज्याच्याकडे कागद निघतो त्याच्याशी कोणी हुज्जत घालत नाही. आरडाओरडा करणाऱ्याशी घालतात.

कपड्यांचं म्हणाल तर प्रत्येक ब्लाउजवर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी आणि पावतीपुस्तकात नोंद हवी. बहुतेक शिलाईवाल्या चिठ्ठी लावतातच, तुम्हीही लावत असाल.

दार तोडून आत शिरायचं तर सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात, आणि तेही आधी ओळख सांगून, दार उघडायला सांगून, तरी उघडलं नाही तर. जप्ती केली की जागेवरच मालाची यादी करावी लागते आणि ज्याच्या ताब्यातून माल घेतला त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. यादीशिवाय सुईसुद्धा देऊ नका. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारं खुद्द थकबाकीदाराचीसुद्धा जप्त करता येत नाहीत. शिंप्याची मशीन हत्यार नाही तर काय? पाच-पंचवीस मशीनचा कारखाना असता तर वाद झाला असता, तुमच्याकडे तीन आहेत.

कोर्टकचेरी_धंतोली

लिलावाचं राहिलंच. घर जप्त होऊन विकलं गेलं तरी भाडेकरूला उचलून बाहेर ठेवता येत नाही. दुकानगाळ्यालाही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे, जागा खाली करून घ्यायची तर कोर्टातून हुकूम आणावा लागतो. फक्त भाडं थकवू नका. काकांचा राग आला म्हणून भाडं बंद केलंत तर त्यांच्याच हातात कोलीत द्याल.

काकांना मात्र नीट समजावा. मालमत्ता कर हा त्या घरावरचाच बोजा असतो. पुण्याला गेले म्हणून तो सुटत नाही, पोराच्या नावानं केलं तरी सुटत नाही. दरवर्षी कागद लावून जातात म्हणून निवांत बसणारे पुष्कळ पाहिले, मग एक दिवस पेपरात लिलावाच्या यादीत इंडेक्स नंबर दिसतो. राष्ट्रीय लोक अदालतीत कराची प्रकरणं तडजोडीला ठेवतात, तिथे हप्त्याचं बोलून पाहता येतं. शास्तीत सूट देणारी अभय योजना नागपुरात २०२४ च्या सुरुवातीला आली होती. पण पुढची येईल म्हणून वाट पाहत बसणं महागात जातं, दरमहा २ टक्के काही थांबत नाहीत.

शिलाईवाली_सक्करदरा

अपडेट. दोन्ही उत्तरांचे स्क्रीनशॉट काकांना पाठवले. आधी नुसते निळे टिक. संध्याकाळी त्यांच्या पोराचाच फोन आला, घर विकलं जाऊ शकतं हे त्याला माहीतच नव्हतं म्हणे. आता म्हणतात, "तू आणि झेरॉक्सवाला मिळून पुढचे काही महिने किराया आम्हाला देऊ नका, परस्पर टॅक्समध्ये भरा, बाकीचं आम्ही पाहतो." हे करावं का? नंतर किराया दिलाच नाही म्हणायला मोकळे नाही ना होणार?

कोर्टकचेरी_धंतोली

होऊ शकतात, म्हणून आधी लिहून घ्या. फोनवरचं बोलणं चालणार नाही. काकांकडून, पोराकडून नाही, व्हॉट्सअॅपवर तरी एवढं आलं पाहिजे: अमुक महिन्यापासूनचं भाडं अमुक इंडेक्स नंबरच्या मालमत्ता करात भरावं, ते भाडं मिळालं असं धरलं जाईल. सहीचा कागद मिळाला तर उत्तमच. भोगवटादारानं मालकाचा कर भरला तर तेवढी रक्कम मालकाकडे जमा धरून घेण्याचा हक्क कायद्यानंही आहे, पण लेखी असलेलं बरं.

निवृत्त_करनिरीक्षक

आणि पैसे पथकातल्या कोणाच्या हातात रोख देऊ नका, "मी मिटवतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या तर नकोच. झोन ऑफिसच्या काउंटरवर किंवा महापालिकेच्या साइटवर, इंडेक्स नंबर दोनदा तपासून. एक आकडा चुकला तर कोणा दुसऱ्याचं भलं व्हायचं. पावती काकांच्या नावानंच निघेल, घाबरू नका. तिच्या दोन झेरॉक्स काढा, एक पुण्याला पाठवा, एक फाइलमध्ये. झेरॉक्सवाला आता भागीदारच आहे, फुकट काढून देईल.